माहिती कोणाची आणि चावी कोणाच्या हाती?

४ मार्च २०२४ रोजी भारतीय स्टेट बँकेने मा. सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज दाखल केला. निवडणूक रोखे कोणी विकत घेतले आणि ते कोणत्या पक्षाने वटवले याची माहिती ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यावी, असा आदेश पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारीला एकमताने दिला होता. त्यावर बँकेचे म्हणणे असे की, आम्हास ३० जूनपर्यंत मुदत द्या. कारण काय, तर घेणाऱ्यांची माहिती एका ठिकाणी आहे, वटवणाऱ्यांची दुसऱ्या ठिकाणी आहे, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. रोखे २२,२१७ आहेत, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून ४४,४३४ नोंदी उलगडायच्या, ताडून पाहायच्या आणि जुळवायच्या, याला वेळ लागणार. लोकसभेच्या निवडणुकीचा निकाल ४ जूनला लागला. मागितलेली तारीख त्याच्या नंतरची होती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

या प्रकरणावर त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. कोणत्या पक्षाला किती कोटी मिळाले, कोणत्या कंपनीवर धाड पडली आणि मग तिने किती रोखे घेतले, याचे हिशेब सर्वांनी मांडले. ते आवश्यकच होते. परंतु बँकेच्या अर्जातील जे वाक्य आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते त्यावर मात्र फारसे कोणी थांबले नाही. देशभर हजारो शाखा आणि कोट्यवधी खाती सांभाळणारी, पैशापैशाचा हिशेब रोज रात्री जुळवणारी बँक सांगते की आमच्याकडची दोन दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. हे कसे घडले? आपोआप घडले की कोणी ठरवून घडवले? वकिली करताना आम्ही एवढे शिकलो आहोत की, दप्तर कसे ठेवले हे पाहिले की ते ठेवणाऱ्याच्या मनात काय होते हे बरेचसे कळते.

आम्ही संगणक अभियंते नव्हे. पण डेटाबेस म्हणजे काय हे समजायला अभियंता असावे लागत नाही, तलाठ्याचे दप्तर पाहिलेला माणूस पुरेसा आहे. गाव नमुना सातवर जमिनीचा गट क्रमांक असतो, खातेदाराचे नाव असते आणि त्या नावापाशी खाते क्रमांक असतो. आता एखाद्याची गावात एकूण जमीन किती हे पाहायचे झाले तर शेकडो सातबारे चाळायचे काय? नाही. आठ-अ काढायचा. तिथे तोच खाते क्रमांक असतो आणि त्याच्याखाली त्याचे सगळे गट एकत्र लिहिलेले असतात. फेरफाराची नोंद सहाव्या नमुन्यात, तिचा क्रमांक सातबाऱ्यावर. म्हणजे दप्तरे वेगळी असली तरी क्रमांकाच्या दोऱ्याने ती एकमेकांना बांधलेली आहेत. हा दोरा तुटला की वारसाला पन्नास हेलपाटे घालावे लागतात, हे आमच्या पक्षकारांना चांगले ठाऊक आहे.

संगणकात हेच तत्त्व एडगर कॉड या आयबीएम कंपनीतील गणितज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडले. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा; प्रत्येक ओळीला तिची एकटीची अशी ओळख द्या; एका तक्त्यातील ओळख दुसऱ्या तक्त्यात लिहून ठेवा; मग हवे तेव्हा दोन तक्ते जोडून हवे ते उत्तर काढा. त्या ओळखीला संगणकाच्या भाषेत 'की' म्हणतात, म्हणजे चावीच. आज बँका, विमा कंपन्या, रेल्वेचे आरक्षण, मोबाइलची बिले, दुकानातील माल, सगळ्यांचे दप्तर मुख्यतः याच तत्त्वावर चालते. तुमचा खाते क्रमांक, पॅन, ग्राहक क्रमांक या सगळ्या चाव्याच आहेत.

व्यापारी संस्थांना लवकरच असे आढळून आले की एवढ्याने भागत नाही. काउंटरवरचा कारकून पैसे जमा करतो, काढून देतो, शिल्लक बदलतो. ते दप्तर क्षणोक्षणी हलत असते आणि त्याला त्या क्षणाचेच उत्तर द्यायचे असते. पण मुख्य कार्यालयातील साहेबाला वेगळे प्रश्न पडतात. गेल्या पाच वर्षांत कोणत्या जिल्ह्यात कर्जे थकली, कोणते ग्राहक सोडून गेले, पावसाळ्यात ठेवी का घटतात? हे प्रश्न चालू दप्तराला विचारले तर काउंटरवरची रांग थांबेल. म्हणून माहितीचे एक स्वतंत्र कोठार करावे, असा विचार पुढे आला. आयबीएमच्याच बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ साली त्याची रचना मांडली आणि १९९२ मध्ये बिल इनमन यांच्या पुस्तकाने डेटा वेअरहाऊस हा शब्द व्यापारी जगात रूढ केला. वेगवेगळ्या खात्यांच्या दप्तरांतून ठरावीक वेळी, बहुधा रात्री, माहिती उचलायची, ती साफ करायची, एकाच मापात बसवायची (एकीकडे 'मुंबई', दुसरीकडे 'बॉम्बे', तिसरीकडे नुसता पिनकोड असे असेल तर ते एक करायचे) आणि कोठारात भरायची. इनमन यांनी या कोठाराची जी लक्षणे सांगितली त्यातील दोन आमच्या आजच्या मुद्द्याला थेट लागू पडतात. एक, निरनिराळ्या ठिकाणची माहिती तिथे एकजीव झालेली असली पाहिजे. दोन, एकदा आत गेलेली नोंद पुसायची किंवा बदलायची नाही, तारखेसह जपून ठेवायची. न्यायालयाच्या अभिलेखाकडून आपण दुसरे काय अपेक्षितो?

आता हे सगळे परदेशातले, आपल्याकडील सरकारी बँकांना कुठले जमायचे, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१० मध्येच सर्व बँकांना सांगितले होते की आम्हाला जी विवरणपत्रे पाठवता ती हाताने भरून पाठवू नका. तुमच्या मूळ संगणकीय दप्तरातून माहिती आपोआप उचलली जाऊन ती थेट तयार झाली पाहिजेत, आणि त्यासाठी प्रत्येक बँकेने माहितीचे एकत्रित भांडार उभे करावे. खुद्द रिझर्व्ह बँकेने ३० जून २०२३ रोजी आपल्या माहिती-कोठाराची नवी आवृत्ती सुरू केली. म्हणजे माहिती एकत्र असावी, हाताचा स्पर्श नसावा, कोणत्याही क्षणी उत्तर मिळावे, हा या देशातील बँकव्यवहाराचा जुना आणि लेखी दंडक आहे. तंत्र होते, यंत्र होते, माणसे होती.

याचा पुरावा हवा असेल तर २०१७ साल आठवा. एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेने बचत खात्यात किमान सरासरी शिल्लक न ठेवणाऱ्यांवर दंड पुन्हा सुरू केला. ग्रामीण शाखेत हजार रुपये, मोठ्या शहरात सुरुवातीला पाच हजार. जनधन खाती त्यातून वगळली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण बाकीच्या कोट्यवधी खात्यांचे काय झाले? प्रत्येक खात्याची महिन्यातील प्रत्येक दिवसाची शिल्लक घ्यायची, तिची सरासरी काढायची, शाखा ग्रामीण की शहरी ते पाहायचे, त्यानुसार मर्यादा लावायची, तूट किती टक्के ते काढायचे, तेवढा दंड वळता करायचा. एवढे सगळे संगणकाने दर महिन्याला बिनबोभाट केले. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत बँकेने या मार्गाने १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील तिच्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम जास्त होती. गदारोळ झाला, दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये तो रद्द झाला. परंतु त्या आठ महिन्यांत, अमुक बाईच्या खात्यात शिल्लक कमी आहे की नाही हे ताडून पाहायला आम्हाला चार महिने लागतील, असे बँक एकदाही म्हणाली नाही.

दुसरे उदाहरण आमच्या कार्यालयातील आहे. मागे एक गवंडीकाम करणारा पक्षकार आमच्याकडे आला. मुलीच्या शिक्षणासाठी त्याला कर्ज हवे होते. एका बँकेत अर्ज दिला, कागद पूर्ण होते. काउंटरवरच्या मुलाने पॅन क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिले आणि सांगितले, तुमचा सिबिल खराब आहे, कर्ज होणार नाही. एक मिनिटसुद्धा लागले नाही. आम्ही अहवाल मागवून पाहिला तर कधीकाळी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे एकोणीसशे रुपये थकीत दिसत होते. पक्षकाराचे म्हणणे, मी असा मोबाइल घेतलाच नाही. नाव तेच, जन्मतारीख वेगळी. कोणाची तरी ओळ याच्या नावाला चिकटली होती.

हा जो एका मिनिटाचा चमत्कार आहे तो कसा होतो? पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ सालचा. त्याखाली देशात आज चार कंपन्या आहेत आणि कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्या चारही कंपन्यांना द्यावी लागते. पूर्वी ती महिन्याला जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली. शेकडो बँका, पतसंस्था, वित्त कंपन्या यांची वेगवेगळ्या पद्धतीची दप्तरे तिथे एकत्र येतात आणि पॅन, नाव, जन्मतारीख, फोन या चाव्यांवर जुळवली जातात. चूक होते, जशी आमच्या पक्षकाराच्या बाबतीत झाली, पण जुळणी मात्र थांबत नाही. व्यवस्थेला जेव्हा जोडायचे असते तेव्हा परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या शेकडो संस्थांची माहिती जोडली जाते. आणि व्यवस्थेला जेव्हा जोडायचे नसते तेव्हा एकाच बँकेच्या एकाच शाखेतील दोन पाकिटे जोडली जात नाहीत.

तेव्हा पुन्हा रोख्यांकडे येऊ. २ जानेवारी २०१८ रोजी योजनेची अधिसूचना निघाली. रोखे विकण्याचा अधिकार एकट्या स्टेट बँकेला. घेणाऱ्याचे केवायसी पूर्ण असले पाहिजे, रोख पैसे चालणार नाहीत, रक्कम खात्यातूनच आली पाहिजे. रोखा पंधरा दिवसांत वटवायचा आणि तोही पक्षाने अधिकृत शाखेत उघडलेल्या ठरावीक खात्यातच. म्हणजे व्यवहाराची दोन्ही टोके बँकेच्या घरात होती. एखाद्या व्यापारी संस्थेला माहिती सांभाळायला याहून सोपा मामला मिळणे कठीण. विकणारा एक, वटवणारा एक, किमती ठरलेल्या, मुदत ठरलेली.

मग अडचण कुठे आली? अडचण आणली गेली. बँकेनेच न्यायालयाला सांगितले की तिच्या अंतर्गत कार्यपद्धतीत असे लिहिलेले होते की रोखे घेणाऱ्याचे नाव, केवायसी वगैरे तपशील कोअर बँकिंग प्रणालीत भरू नयेत. वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावे. ज्या प्रणालीत चहावाल्याच्या खात्यातले वीस रुपये नोंदले जातात, त्या प्रणालीत कोट्यवधींच्या रोख्याच्या खरेदीदाराचे नाव नोंदायचे नाही, असा लेखी नियम होता. ती नावे शाखेत कागदावर राहिली, पाकिटात मोहोरबंद झाली आणि मुंबईच्या मुख्य शाखेत, फोर्टात, जमा झाली. वटवलेल्या रोख्यांची पाकिटे वेगळी, तीही तिथेच. दोन्ही पाकिटे एकाच इमारतीत आणि तरी एकमेकांना अनोळखी!

चावीचे काय झाले ते तर अधिकच उद्बोधक आहे. एप्रिल २०१८ मध्ये पूनम अग्रवाल या पत्रकार महिलेने हजार रुपयांचे दोन रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासले. साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात दिसणारा अक्षरे व अंक मिळून झालेला एक क्रमांक प्रत्येक रोख्यावर होता आणि तो प्रत्येकावर वेगळा होता. बातमी आल्यावर केंद्र सरकारने खुलासा केला की, तो क्रमांक केवळ बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, बँक तो घेणाऱ्याच्या किंवा पक्षाच्या कोणत्याही नोंदीत लिहून ठेवत नाही, त्यावरून देणगीचा माग काढता येणार नाही. सहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, न्यायालयाने दटावल्यावर बँकेने जी माहिती दिली तिच्यात घेणाऱ्याच्या यादीतही तो क्रमांक होता आणि वटवणाऱ्याच्या यादीतही होता. म्हणजे दोन तक्त्यांना जोडणारी चावी पहिल्यापासून होती आणि दोन्ही बाजूंना लिहूनही ठेवली जात होती. एखाद्या दिवाणी दाव्यात प्रतिवादीने असा खुलासा केला असता आणि नंतर त्याच्याच वहीत उलट नोंद सापडली असती, तर उलटतपासात त्याची काय अवस्था झाली असती, हे आमचे वकील मित्र जाणतात.

बँकेच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे तेही म्हणू. नावे खरोखर कागदावर असतील तर ती टंकलिखित करावी लागतात, आणि एका नावाच्या जागी दुसरे नाव पडले तर एखाद्यावर नाहक बालंट येऊ शकते. ही भीती खोटी नाही. आमच्या गवंडी पक्षकाराला तेच भोगावे लागले. पण बावीस हजार ओळी म्हणजे किती? तालुक्याच्या ठिकाणी मतदार यादीचे काम करणारी मुले याहून मोठ्या याद्या भरतात. आणि भरून झाल्यावर दोन याद्या एका क्रमांकावर जुळवणे हे संगणकाचे काम आहे. त्याला दिवस लागत नाहीत. शिवाय ११ मार्चच्या सुनावणीत न्यायालयाने साधी गोष्ट निदर्शनास आणली की, जुळवणी करा असे आम्ही सांगितलेलेच नाही. पाकिटे उघडा, आहे ते द्या. १२ मार्चला कामकाजाची वेळ संपण्यापूर्वी द्या, नाहीतर अवमानाचा विचार करावा लागेल. ज्या कामाला ३० जून लागणार होता ते दुसऱ्या दिवशी झाले! बँकेने एका पेन ड्राइव्हमध्ये दोन पीडीएफ फाइली घालून, त्यांना पासवर्ड लावून, आयोगाकडे पोचवल्या.

१४ मार्चला आयोगाने त्या प्रसिद्ध केल्या आणि इथे सामान्य माणसालाही डेटाबेसचा धडा मिळाला. एका यादीत तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम. दुसऱ्या यादीत तारीख, पक्षाचे नाव आणि रक्कम. क्रमांक दोन्हीतून गायब. दोन तक्ते, पण त्यांना बांधणारा रकानाच नाही. मग जो तो आपल्या सोयीने अंदाज बांधू लागला. लॉटरीच्या धंद्यातील फ्यूचर गेमिंग या कंपनीने सर्वाधिक, १,३६८ कोटींचे रोखे घेतल्याचे दिसले आणि केंद्रात सत्ता असलेल्या पक्षालाच ते गेले असणार, असे अनेकांनी गृहीत धरले. १८ मार्चला न्यायालयाने पुन्हा कान उपटले, क्रमांकासह काहीही हातचे न राखता द्या म्हणून बजावले, आणि २१ मार्चला क्रमांकासह याद्या आल्या. त्याच दिवशी वर्तमानपत्रांतील आणि बाहेरील तरुणांनी त्या जोडून टाकल्या. चार महिन्यांचे काम काही तासांत. तेव्हा दिसले की फ्यूचर गेमिंगचा सर्वांत मोठा वाटा तृणमूल काँग्रेसला, सुमारे ५४२ कोटी, आणि त्याखालोखाल द्रमुकला, सुमारे ५०३ कोटी, गेला होता. दुसऱ्या क्रमांकाची खरेदीदार मेघा इंजिनिअरिंग हिच्या ९६६ कोटींतील सर्वांत मोठा वाटा मात्र भाजपला गेलेला होता. अंदाज काही ठिकाणी खरा ठरला, काही ठिकाणी साफ खोटा. चावी नसलेली माहिती जनतेच्या हाती दिली की अफवा जन्मतात, आणि मग त्या अफवांकडे बोट दाखवून, पाहा लोक कसे गैरसमज करून घेतात, असे म्हणायला माहिती दडवणारेच मोकळे राहतात. हा कावा ओळखला पाहिजे.

माहिती अधिकार कायद्याच्या मार्गाने हे आधीच बाहेर यायला हवे होते. पुण्यातील एका कार्यकर्त्याने बँकेकडे देणगीदारांचा तपशील मागितला होता. बँकेने नाकारला आणि डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने, यात व्यापक जनहित दिसत नाही, असे म्हणून अपील फेटाळले. त्याच गोष्टीत पुढे पाच न्यायमूर्तींना मतदाराचा मूलभूत हक्क दिसला. एवढे होऊन एप्रिल २०२४ मध्ये, आयोगाच्या संकेतस्थळावर सगळे जाहीर झाल्यानंतरसुद्धा, तीच माहिती संगणकीय स्वरूपात मागणाऱ्या अर्जदाराला बँकेने विश्वासाश्रित आणि वैयक्तिक माहितीचे कारण देऊन नकार दिला. चौकात लावलेली नोटीस कपाटात गोपनीय असावी, तसा हा प्रकार.

वास्तविक कायदा काय म्हणतो? माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(क) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवायचे आहेत आणि योग्य ते अभिलेख संगणकीकृत करून जाळ्याने जोडायचे आहेत, जेणेकरून ते पाहणे सोपे व्हावे. स्टेट बँक सार्वजनिक प्राधिकरण आहे. नावे कोअर बँकिंगमध्ये भरू नका, हा अंतर्गत नियम या कलमाच्या डोळ्यांदेखत सहा वर्षे चालला. कलम ७(९) सांगते की ज्या स्वरूपात माहिती मागितली त्याच स्वरूपात ती साधारणपणे द्यावी. या कलमांवर आपल्याकडे लढे फार कमी झाले. आम्ही कार्यकर्ते माहिती द्या म्हणतो आणि गठ्ठाभर छायाप्रती घेऊन घरी येतो. त्या छायाप्रतींत चावीचा रकाना आहे की नाही हे पाहत नाही.

आता पुढील काळाकडे पाहू. रोखे गेले, पण इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. २०१३ च्या योजनेनुसार कंपन्या ट्रस्टला पैसे देतात, ट्रस्ट त्यातील किमान ९५ टक्के पक्षांना वाटते आणि दरवर्षी आयोगाला अहवाल देते. अहवालात देणाऱ्या कंपन्यांची यादी असते, घेणाऱ्या पक्षांची यादीही असते. रोख्यांपेक्षा हे निश्चितच बरे आहे, नावे तरी उघड आहेत. परंतु जिथे अनेक कंपन्यांचा पैसा एका ट्रस्टमध्ये येतो तिथे कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षाकडे गेला, हे त्या अहवालात जोडून दिलेले नसते. पुन्हा दोन याद्या! दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि तो बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खाजगी जीवनावर अकारण आक्रमण होते, असे दाखवावे लागे. आता नुसते 'वैयक्तिक माहिती' म्हटले की पुरे. जनहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, हाच काय तो आधार. सर्वसामान्यांच्या खाजगीपणाचे रक्षण झाले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. आमच्या गवंड्याच्या फोन क्रमांकावर दिवसाला चार कर्जवाले फोन करतात. पण त्याच ढालीआड जनतेच्या पैशाचे लाभार्थी, कंत्राटदार आणि अधिकारीही उभे राहणार आहेत आणि त्यांच्यासाठी ती ढाल जास्त मजबूत ठरेल, अशी आम्हास शंका आहे. २ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने रोख्यांच्या देवघेवीची विशेष पथकामार्फत चौकशी करण्याची मागणीही नाकारली. तेव्हा जोडणी करायची ती जनतेनेच, आणि तिला हवी असलेली चावी मागायची तीही जनतेनेच.

म्हणून आमच्या तरुण वकिलांना आणि वस्तीतील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, अर्ज लिहिताना रकान्यांची नावे लिहा. पालिकेकडून कंत्राटांची माहिती मागायची असेल तर नुसती यादी मागू नका. कंत्राटाचा क्रमांक, कंपनीचा नोंदणी क्रमांक, देयकाचा क्रमांक, दिनांक, रक्कम असे मागा, आणि देयकांच्या यादीतही तोच कंत्राट क्रमांक मागा. शिष्यवृत्तीच्या प्रलंबित अर्जांची यादी मागताना विद्यार्थ्यांची नावे कदाचित देणार नाहीत. अर्ज क्रमांक, महाविद्यालयाचा सांकेतिक क्रमांक, मंजुरीची तारीख आणि पैसे वर्ग झाल्याची तारीख मागा. नावाशिवायही हिशेब जुळतो. कलम २(ञ) मध्ये संगणकात साठवलेली माहिती संगणकीय स्वरूपात मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, तो अर्जात नमूद करा आणि पीडीएफ नको, तक्त्याची फाइल हवी, असे लिहा. नकार आला तर, माहिती दोन ठिकाणी असल्याने जोडता येत नाही, असे लेखी उत्तर मागून घ्या. अपिलात ते फार उपयोगी पडते.

आणि स्वतःच्या नावावर बँकांच्या कोठारात काय लिहिले आहे, तेही पाहत चला. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे आणि एप्रिल २०२४ पासून त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. आमच्या गवंडी पक्षकाराची तक्रार आम्ही दोन्हीकडे, पतमाहिती कंपनीकडे आणि त्या वित्त संस्थेकडे, जन्मतारखेच्या दाखल्यासह पाठवली. एकतिसाव्या दिवशी उत्तर आले की, माहिती पडताळण्याचे काम सुरू आहे, संबंधित नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने वेळ लागत आहे. आम्ही उलट टपाली शंभर रुपयांच्या हिशेबाची आठवण करून दिली. नवव्या दिवशी ती ओळ त्याच्या नावावरून निघाली. मुलीचा प्रवेश तोवर एका वर्षाने पुढे गेला होता.